औषध संपल्यानंतरचे घर : कुष्ठरुग्णांच्या निवासव्यवस्थेचा इतिहास

भिलाईत नवीन माणसाशी ओळख झाली की दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "सेक्टर कोणता?" पोलाद कारखान्यात नोकरी लागली की क्वार्टर मिळते, निवृत्ती झाली की ते सोडावे लागते. घर आणि काम अशी जोडलेली असल्याने इथल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असते की घर कायमचे नसते. तरी याच गावात कॅम्प-१ आणि कॅम्प-२ अशी नावे आहेत. कारखाना उभा राहत असताना मजुरांसाठी वसवलेल्या तात्पुरत्या वस्त्या त्या. कॅम्प उठायचे होते. उठले नाहीत, तिथे बाजार, शाळा आणि तिसरी पिढी आहे. तात्पुरते म्हणून बांधलेले घर कायमचे कसे होते, हा आजच्या टिपणाचा विषय. उदाहरण मात्र कारखान्याचे नाही, कुष्ठरुग्णांच्या वसाहतींचे घेणार आहे.

आधी एक संज्ञा स्पष्ट करू. आजार, बेघरपणा, हिंसा किंवा तुरुंगवास यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला काही काळ राहायला दिलेल्या जागेला समाजकार्याच्या अभ्यासक्रमात संक्रमणकालीन निवास म्हणतात. जिथे मुदत नसते, पण राहणाऱ्याला रोजच्या जगण्यात आधार लागतो, ते सहायक निवास. दोन्हींत छप्पर हा एक भाग आणि छपराबरोबर येणाऱ्या सेवा हा दुसरा : औषधपाणी, कामाचे शिक्षण, मुलांची शाळा, कागदपत्रे, कुणाशी तरी बोलण्याची सोय. परीक्षेत ही यादी लिहिलीत तर गुण मिळतील. पण कोणत्या घरात यातली कोणती सेवा होती, कोणती नव्हती आणि का, हे पाहिल्याशिवाय या यादीला अर्थ येत नाही.

छत्तीसगडापासून सुरुवात करू, कारण या गोष्टीतली दोन जुनी ठिकाणे आपल्या लोहमार्गाच्या आसपासच आहेत. १८९६-९७ च्या मोठ्या दुष्काळात मध्य प्रांतात गावेच्या गावे रस्त्यावर आली. त्यांत कुष्ठरुग्णही होते. घरात धान्य नसले की आधी त्यांनाच बाहेर काढले जाई. रायपूर-बिलासपूर रस्त्यावर चांदखुरीला मिशनऱ्यांनी १८९७ मध्ये त्यांच्यासाठी आश्रयस्थान सुरू केले. पुढे १९०२ मध्ये चांपा येथे मेनोनाइट मिशनने दुसरे उघडले. अशा संस्थांना पैसा पुरवणारी 'मिशन टू लेपर्स' ही संघटना १८७४ मध्ये स्थापन झाली होती.

या घरांत काय मिळत असे? अन्न, वस्त्र, जखमा धुणे, प्रार्थना. औषध जवळजवळ नव्हतेच. चालमोगरा तेल दिले जाई, त्याने फार थोड्यांना उतार पडे. स्त्रिया आणि पुरुष वेगळे ठेवले जात, आणि निरोगी मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या गृहात ठेवले जाई. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे मुलांच्या भल्यासाठी होते. तरी एवढे लक्षात ठेवा की आत येणाऱ्याकडून संसार काढून घेणे ही इथे प्रवेशाची अट होती. या लोकांनी जे केले ते दुसरे कुणी करत नव्हते, हेही तितकेच खरे.

याच सुमारास कायदा आला. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट. ज्याला पोटापाण्याचे साधन नाही किंवा जो उघड्यावर भीक मागतो अशा कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत आणि त्याला आश्रयस्थानात डांबता येई. अधिसूचित भागात कुष्ठरुग्णाला खाण्याच्या वस्तू विकायला, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करायला, भाड्याची गाडी हाकायला बंदी घालता येत असे. मूळ कायद्यात 'कुष्ठरोगी' कोण, तर ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत तो.

या व्याख्येकडे तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी म्हणून पाहा. आपण प्रयोगशाळेत वारंवार सांगतो की जे मोजायचे आहे तेच मोजा, जे मोजायला सोपे आहे ते नव्हे. इथे नेमके उलटे झाले. व्रण हा बहुधा रोगाचा संसर्ग नसून रोगाने केलेल्या नुकसानीचा परिणाम असतो. जीवाणू मज्जातंतूंना इजा करतो, हातापायांची संवेदना जाते, मग चुलीचा चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही, आणि जखम चिघळते. ज्याच्यापासून संसर्गाचा धोका अधिक, त्याच्या अंगावर व्रण नसूही शकतो; ज्याच्या पायाला जुनी जखम आहे, त्याचा रोग कधीच थंडावलेला असू शकतो. १८९०-९१ च्या कुष्ठरोग आयोगाने सक्तीच्या विलगीकरणाला आधार नाही असे सांगितले होते. तरी कायदा झाला, कारण लोकांना भीती वाटे ती व्रणाची. निर्धनालाच पकडायचे हेही त्यातूनच आले. श्रीमंत रुग्ण घरात राही. जीवाणू मात्र उत्पन्न पाहत नसे.

आता विदर्भाकडे वळू. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. ते विनोबांचे सहकारी. त्या वेळी भारतीयांनी, आणि धर्मप्रसाराशी संबंध न ठेवता, असे काम करणे दुर्मिळ होते. शेती आणि सूतकताई हा तिथल्या दिवसाचा भाग होता. गांधींनी सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्री या कुष्ठरोग झालेल्या संस्कृत पंडितांना ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली, ती याच परिसरातली गोष्ट. १९४६ मध्ये अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. आणि वरोऱ्याला बाबा आमटे.

आमट्यांची कहाणी मराठी वाचकाला पाठ असते. पण हे टिपण देशभरातले विद्यार्थी वाचतात, म्हणून थोडक्यात सांगते. हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेला हा वकील वरोऱ्याच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष होता. गटारात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण पाहून तो घाबरून पळाला, आणि आपण घाबरलो याची लाज त्याला सुटेना. १९४९ मध्ये कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत त्याने कुष्ठोपचाराचे शिक्षण घेतले. जून १९५१ मध्ये पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन तो पन्नास एकर खडकाळ माळावर राहायला गेला. नाव ठेवले आनंदवन.

या कहाणीतले चौदा रुपये आणि लंगडी गाय सर्वांच्या लक्षात राहते. मला दोन वेगळ्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, १९५१ साल. तोवर डॅप्सोन हे औषध वापरात येऊ लागले होते. म्हणजे आनंदवन सुरू झाले ते कुष्ठरोग बरा होऊ शकतो अशा काळात. चांदखुरी सुरू झाले तेव्हा हे शक्य नव्हते. आता तत्त्वतः रुग्ण आत येणार, बरा होणार आणि घरी जाणार. निवास संक्रमणकालीन व्हायला हवा होता.

तो झाला नाही. ही दुसरी गोष्ट. माणूस बरा झाला तरी गावाने त्याला परत घेतले नाही. बोटे झडलेली, चेहऱ्यावर खुणा. आणि समजा खुणा नसल्या तरी 'तो तिकडे होता' हे गावाला माहीत. जमिनीचा हिस्सा भावांनी वाटून घेतलेला. बायको माहेरी गेलेली, किंवा ती स्वतःच रुग्ण असेल तर नवऱ्याने दुसरे लग्न केलेले. औषधाने जीवाणू मेला, पण माणसाचा पत्ता परत आला नाही.

याच प्रश्नाला त्या दशकात तीन वेगळी उत्तरे दिली गेली, आणि ती तिन्ही तुम्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत असे मला वाटते.

एक उत्तर वेल्लोरचे. शल्यचिकित्सक पॉल ब्रँड तिथे १९४६ मध्ये आले. वाकड्या झालेल्या बोटांवर स्नायुरज्जू वळवून शस्त्रक्रिया करता येते हे त्यांनी दाखवले. हात सरळ होऊन रुग्ण बाहेर गेले आणि काही काळाने परत आले. तक्रार अशी की आता भीक कमी मिळते. हात चांगला दिसतो म्हणून कुणी दया करत नाही, आणि कुष्ठरोगी म्हणून कुणी काम देत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी, माणूस उपाशी! त्यातून १९५१ मध्ये त्यांनी झोपड्यांची एक लहान वस्ती उभी केली, नवजीवन केंद्र. शस्त्रक्रियेनंतर काही महिने तिथे राहायचे, नव्या हाताने सुतारकामासारखा हुन्नर शिकायचा, संवेदना नसलेला हात डोळ्यांनी सांभाळायला शिकायचे, मग निघायचे. संक्रमणकालीन निवासाचे इतके स्वच्छ उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

इथे थोडे विषयांतर, पण आपल्या क्षेत्रातले. संवेदना नसलेल्या पायाला साधी चप्पल चालत नाही. टाचेखाली आणि चवड्याखाली दाब एकवटतो. तुम्हाआम्हाला तो टोचला की आपण नकळत पाय बदलतो, या माणसाला ते कळतच नाही. म्हणून मऊ, दाबाने कायमचे चपटे न होणारे मायक्रोसेल्युलर रबर शोधले गेले, आणि चप्पल खिळ्यांऐवजी शिवून वा चिकटवून बनवायची ठरले, कारण वर आलेला खिळा या पायाला समजणार नाही. अवजारांच्या मुठी जाड केल्या, लाकडी आवरण घातले. पदार्थशास्त्राचा हा वापर पाठ्यपुस्तकात येत नाही. मी वर्गात फलकावर पायाच्या तळव्याचे चित्र काढून दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे शिकवते, तेव्हा मागच्या बाकांवरची मुलेही वर पाहतात. अशा वसाहतीत चप्पल बनवणारा मोची ही सेवांच्या यादीतली सर्वात स्वस्त सेवा, आणि पाय कापण्यापासून वाचवणारी बहुधा हीच.

दुसरे उत्तर वर्ध्याचे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. रामचंद्र वार्डेकरांनी मुळातच वेगळा विचार मांडला. आश्रम बांधूच नका, असा. घरोघर पाहणी करा, लोकांना रोगाबद्दल शिकवा आणि रुग्णाला त्याच्याच गावात औषध द्या. घरातून बाहेर काढलाच नाही तर परत पाठवण्याचा प्रश्न येत नाही. हे तर्काने निर्दोष होते, आणि १९५० च्या दशकातल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने पुढे हीच दिशा धरली. पण ज्यांना आधीच बाहेर काढले होते त्यांच्यासाठी यात फारसे काही नव्हते. हा आक्षेप वार्डेकरांवर नाही. रोगाचा प्रतिबंध करणारी योजना आणि रोगाने बेघर झालेल्यांची योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारी कागदांत त्या नेहमी एका शीर्षाखाली घातल्या जातात.

तिसरे उत्तर आनंदवनाचे : गाव घेत नसेल तर गाव बांधा. विहिरी खणल्या, शेती काढली. पण भाजी वरोऱ्याच्या बाजारात नेली तेव्हा लोकांनी घेतली नाही. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे अनेक देशांतले स्वयंसेवक येऊन राहिले, रुग्णांबरोबर विटा वाहिल्या, इमारत उभी केली, त्यांच्याच हातचे जेवले. परदेशी माणसे जेवतात आणि त्यांना काही होत नाही हे गावाने पाहिले. हळूहळू दूध, भाजी विकली जाऊ लागली. १९६४ मध्ये आनंदवनाने आपल्या आवारात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू केले, आणि ते वरोरा भागातल्या सर्वसामान्य मुलांसाठी! ज्या वसाहतीच्या कडेने लोक जात नसत, तिथे पदवी घ्यायला मुले रोज सायकलवरून येऊ लागली. विणकाम, छपाई, कातडीकाम, दवाखाना, अंधांची शाळा, वृद्धांसाठी निवारा हे सगळे वाढत गेले. पण माझ्या मते महाविद्यालय हा सर्वात धूर्त निर्णय होता, चांगल्या अर्थाने धूर्त. बाकी सर्व सेवा रहिवाशाला काही देतात. हीच एक अशी की जिच्यासाठी बाहेरच्याला आत यावे लागते.

आनंदवनावर आक्षेपही आहेत आणि तुम्ही ते माहीत करून घ्यायला हवेत. एवढे चांगले गाव आत उभे राहिले की बाहेरचे गाव निर्धास्त होते. जबाबदारी संपली असे त्याला वाटते. 'तिकडे पाठवा' हे सोपे उत्तर हाताशी येते. एका माणसाच्या व्यक्तिमत्त्वाभोवती उभी राहिलेली व्यवस्था पुढच्या पिढीत कशी चालते, हाही प्रश्न आहे. मला पहिला आक्षेप गंभीर वाटतो. पण तो करणाऱ्याने १९५१ मध्ये त्या सहा जणांना कुठे पाठवले असते, हे सांगावे.

पुन्हा आपल्याकडे, चांप्याला येऊ. सदाशिव गोविंद कात्रे हे मराठी गृहस्थ रेल्वेत नोकरीला होते. त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाला. बैतलपूरच्या, म्हणजे चांदखुरीच्या, मिशन रुग्णालयात ते राहिले. तिथल्या उपचारांबद्दल त्यांना कृतज्ञता असली तरी धर्मांतराबद्दल त्यांचे तीव्र मतभेद होते. १९६२ मध्ये चांप्याजवळ सोंठी येथे त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची सुरुवात केली. त्यांच्या विचारसरणीशी तुम्ही सहमत व्हा अथवा नका होऊ. माझ्या दृष्टीने इथे नोंद घ्यायची ती ही की आतापर्यंत आपण पाहिलेली सर्व घरे निरोगी माणसांनी रुग्णांसाठी काढली होती, आणि हे घर एका रुग्णाने काढले. १९७७ मध्ये कात्रे गेले. त्याआधीच अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तिथे येऊन राहिले होते, आणि ते शेवटपर्यंत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. शेती, गोशाळा, दवाखाना, शाळा आणि मुलांचे वसतिगृह अशी ही वसाहत आहे. १९०२ च्या मिशन गृहात मुलांना आईबापांपासून तोडले जात होते. इथे वसतिगृह आहे, पण आईबाप त्याच परिसरात. दोन्हींना 'मुलांची सोय' म्हणता येईल. फरक मधल्या कुंपणाचा.

दुर्गहून हावड्याकडे जाणारी बहुतेक कोणतीही गाडी बिलासपूरनंतर चांप्याला पोचते. तुमच्यापैकी जे छत्तीसगडात शिकतात त्यांनी परवानगी घेऊन एकदा जावे. फोटो काढायला म्हणून नव्हे. एखादे काम हातात घेऊन जावे.

यापुढचा भाग वेगाने सांगते, कारण तो आरोग्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळतो. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषध उपचारपद्धतीची शिफारस केली. १९८३ मध्ये भारताने राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम त्यावर आधारला. आज सौम्य प्रकाराला सहा महिने आणि तीव्र प्रकाराला बारा महिने औषध पुरते, आणि ते मोफत मिळते. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्गाचा धोका संपतो. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण ही मर्यादा गाठली गेली. छत्तीसगड त्या मर्यादेच्या वरच राहिले.

कायदा मात्र सावकाश हलला. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट केंद्रीय कायद्यांच्या यादीतून गेला तो २०१६ मध्ये. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातल्या एका निवडून आलेल्या नगरसेवकाचे प्रकरण होते. कुष्ठरोग असल्याने त्याचे पद रद्द करणारी तरतूद न्यायालयाने तेव्हा वैध ठरवली, मात्र विधिमंडळाने तिचा फेरविचार करावा असेही सुचवले. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग व्यक्तिगत कायद्यांतून वगळला गेला तो २०१९ मध्ये. म्हणजे बारा महिन्यांत बरा होणारा रोग, औषध उपलब्ध झाल्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ, संसार मोडण्याचे वैध कारण होता. दरम्यान जुन्या पिढीला कुठे राहायचे ते ठरलेलेच होते.

आज अशा वसाहतींत गेलात तर तिथे राहणारे बहुतेक वृद्ध रोगी नाहीत. त्यांचे औषध कधीच संपले आहे. त्यांना लागते ते जखमेचे ड्रेसिंग, ठरावीक काळाने नवी चप्पल, डोळ्यांची तपासणी, निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून देणारा माणूस. बोटे नसलेल्या किंवा झिजलेल्या हाताचा अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही, आणि शिधापत्रिकेचे धान्य त्या ठशावर अवलंबून असते. १९५१ च्या सेवांच्या यादीत ही सेवा नव्हती. आज ती पहिल्या पानावर हवी. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनो, हा तुमचा प्रश्न आहे : ओळख पटवण्याची अशी पद्धत सांगा जी हाताशिवाय चालते, आणि जी वापरताना रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपला हात सर्वांना दाखवावा लागत नाही.

आणि जागेचा प्रश्न. संस्थांच्या आश्रमांखेरीज देशात शेकडो वसाहती अशा आहेत की ज्या कुणीच स्थापन केल्या नाहीत. हाकललेली माणसे रेल्वेच्या कडेला, नदीच्या काठी, गावाबाहेर एकत्र येत गेली आणि घरे झाली. बऱ्याच ठिकाणी जमीन सरकारी किंवा रेल्वेची, आणि राहणाऱ्यांच्या नावावर काही नाही. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५६ व्या अहवालात या वसाहतींतल्या जमिनीच्या हक्काचा मुद्दा घेतला आणि भेदभाव रोखणाऱ्या विधेयकाचा मसुदाही जोडला. त्या मसुद्याचा कायदा झालेला नाही. वसाहतीत जन्मलेल्या, हा रोग कधीही न झालेल्या नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर पत्त्याच्या रकान्यात आजही 'कुष्ठ वस्ती' असे लिहिले जाते, कारण त्या जागेला दुसरे नाव कुणी दिलेले नाही.